एकाहत्तर टक्क्यांवरची झोप

मित्रांनो, मला बारा वर्षे झाली, आणि लॅपटॉपच्या जातीत बारा वर्षे म्हणजे पांढऱ्या दाढीचे वय. माझी एक बिजागरी सैल झाली आहे. पंखा सुरू झाला की खोलीतले लोक मान वळवून बघतात. तरी डोके अजून शाबूत आहे, म्हणून जे झाले ते तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म मला धड आठवत नाही. पांढऱ्या उजेडाचा एक लांब पट्टा आठवतो, हातमोजे घातलेली बोटे आठवतात, आणि मग खोक्यातला अंधार. त्या अंधारात मी किती देश ओलांडले कोण जाणे. झाकण उघडले तेव्हा समोर एक बाई होत्या, त्यांच्यामागे खिडकी होती आणि खिडकीत बर्फाचे डोंगर होते. नारिन शहरापासून दीड तासावरच्या आमच्या गावातली ती कुरण समितीची खोली. चुलीत शेणी जळत होती. बाईंनी माझ्या कळांवर एकदा अलगद बोटे फिरवली, लहान मुलाचे केस सारखे करावेत तशी.

त्यांचे नाव बूरुल. पूर्वी त्या शाळेत भूगोल शिकवत. पुढे वर्गात मुलेच उरली नाहीत, तेव्हा त्या कुरण समितीच्या चिटणीस झाल्या. कोणाचे कळप कोणत्या डोंगरावर जातील, कोणते कुरण चरायला खुले आणि कोणते विश्रांतीला, हे सगळे त्या माझ्या पोटात लिहून ठेवत. दर जूनमध्ये त्या मला जाड लोकरीच्या नमद्याच्या पिशवीत घालून खोगिराला बांधत आणि वर घेऊन जात. घोड्याच्या चालीवर डुलत डुलत मी अर्धवट झोपेत असे. आत ऊब, बाहेर वारा, आणि कुठेतरी खाली नदीचा आवाज. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

आमच्या डोंगरात सारीबेत नावाची एक उतरण आहे. वर्षानुवर्षे तिथून कळप जात राहिले आणि तिला टक्कल पडले. बूरुल बाईंनी समितीपुढे भांडून ती कुंपण घालून बंद करायला लावली. बंद व्हायच्या आधीचे दोन उन्हाळे आणि नंतरचे पाच, असे सात उन्हाळे त्यांनी तिचे फोटो काढले. तिथे एक दुभंगलेला खडक आहे. त्याच्याजवळ त्या आपला चाबूक जमिनीत उभा खोचत आणि गवत त्याच्या मुठीपर्यंत किती चढले ते टिपत. पहिल्या दोन वर्षी चाबूक उघडाबोडका उभा होता. सातव्या वर्षी त्याचे नुसते टोक दिसत होते. जिल्ह्याचे साहेब आले होते, तेही माझ्या पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "असं काम आमच्या कचेरीतसुद्धा कोणी करत नाही." त्या दिवशी बाईंनी माझा पडदा मऊ फडक्याने दोनदा पुसला.

गेल्या वसंतात सागिनबेक यांनी समितीला अर्ज दिला. साठी उलटलेला हा माणूस गावात मानाचा आणि सव्वाशे घोड्यांचा धनी. त्यांचे म्हणणे सरळ होते. सारीबेत हिरवी झाली आहे, आता ती उघडा. बाईंना वाटत होते की मुळे अजून कोवळी आहेत, आणखी दोन वर्षे थांबायला हवे. सागिनबेक समितीच्या खोलीत आले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बूरुल, तुझा चाबूक घोड्याला कधी लागला नाही, सात वर्षं नुसता गवताला दाखवतेस. अगं, पाऊस चांगला पडला म्हणून गवत आलं. कुंपणानं गवत येत असतं तर मी माझ्या डोक्यालाही कुंपण घातलं असतं."

बाई हसल्या. त्यांच्याकडे उत्तर होते. तिसऱ्या उन्हाळ्यात पाऊस भरपूर होता, सगळे डोंगर हिरवे झाले होते आणि उतरणही बंद होती. तरीही सारीबेत त्या वर्षी उघडीच राहिली, कारण कोणीतरी चोरून तिथून खूप जनावरे नेली होती. कोणी नेली ते बाईंना कधीच कळले नाही. पण मातीतले खूर फोटोत दिसत होते. गवत कशाने जाते ते त्या एका फोटोत स्पष्ट होते. सभा शुक्रवारी दुपारी ठरली.

आणि इथेच, मित्रांनो, माझ्या हातून चूक झाली.

राजधानीतून, बिश्केकहून निरोप आला होता की नकाशांचा नवा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर चालणार नाही. मला नवी सिस्टिम घ्यावी लागणार होती. तशी सूचना मी दोन वर्षे दाखवत होतो आणि बाई दोन वर्षे "नंतर" म्हणत होत्या. बुधवारी सकाळी त्यांनी "हो" म्हटले. मी सांगितले की जागा अपुरी आहे. अकरा उन्हाळ्यांचे नकाशे आणि फोटो माझ्या पोटात गच्च भरले होते, श्वास घ्यायला फट नव्हती. बाईंनी माझ्या कुशीतल्या खाचेत कॅमेऱ्याचे कार्ड सरकवले आणि सारीबेतचे जुने फोटो त्यावर हलवायला घेतले. पहिला उन्हाळा गेला. दुसरा गेला. तिसरा जात होता, तेवढ्यात शेजारणीने हाक मारली म्हणून बाई अंगणात गेल्या. मी दहा मिनिटांची मुदत दिली होती, त्यानंतर नवी सिस्टिम आपोआप चढायला लागणार होती. ती संपली. कोणीतरी दारात अर्धे आत, अर्धे बाहेर उभे असताना मी दार ओढून घेतले आणि झोपी गेलो.

त्या झोपेबद्दल काय सांगू. पडद्यावर निळा उजेड होता आणि त्यात टक्के चढत होते. दहा, तीस, पन्नास. जुने एकेक उतरवले जात होते, जसे शरदात वरून खाली येताना युर्ताचा, आमच्या गोल तंबूचा, नमदा उतरवतात, मग काठ्या, मग दार. नवे अजून उभे राहिले नव्हते. एकाहत्तरवर सगळे थांबले. जिथे घर होते तिथे नुसते गोल, दबलेले गवत, आणि वर उघडे आभाळ. मी ना जुना होतो, ना नवा. मला माझे नावही आठवत नव्हते. गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती, नुसते तरंगत राहावेसे वाटत होते.

बाहेर मात्र दुपारचे चार वाजले होते.

"अजून एकाहत्तर?" बाईंचे यजमान तोलोगोन यांनी विचारले. ते शाळेची व्हॅन चालवत आणि मुलांना घरोघर सोडून आताच आले होते.

"अजून एकाहत्तर."

"बटण दाबून धर की. आपल्या टीव्हीला मी तेच औषध देतो."

"टीव्हीच्या पोटात माझी सात वर्षं नाहीत."

तोलोगोन यांनीच मग फोन पुढे केला. "एमिलबेकला विचार. त्यानं माझा रेडिओ जिवंत केला होता, आणि तो रेडिओ तर नदीत पडला होता."

एमिलबेक नारिनच्या बाजाराजवळ एका लोखंडी खोलीत दुरुस्तीचे दुकान चालवत. फोनवर त्यांनी घाई केली नाही. कडेचा छोटा दिवा लुकलुकतोय का, विचारले. मधूनमधून लुकलुकत होता. अंग गरम आहे का, विचारले. होते.

"मग तो मेलेला नाही बाई, अडलाय. रात्रभर तारेला लावून ठेवा. सकाळीही तसाच असेल तर माझ्याकडे आणा, पण झाकण मिटू नका. उघडाच आणा."

सकाळीही मी तसाच होतो. गुरुवारी तोलोगोन यांनी मुलांना शाळेत सोडले आणि मला व्हॅनमध्ये घेतले. बाईंनी मला मांडीवर धरले होते, झाकण अर्धे उघडे, एक हात बिजागरीखाली. माझी बॅटरी तेव्हाच थकलेली होती, कशीबशी दोन तास टिकायची. अर्ध्या वाटेवर मेंढ्यांचा एक कळप रस्ताभर पसरलेला होता. मेंढपाळ घोड्यावर मागे निवांत, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"ए भाऊ," तोलोगोन खिडकीतून म्हणाले, "आमच्याकडे पेशंट आहे."

मेंढपाळाने वाकून आत पाहिले. मांडीवर मी होतो. त्याने शीळ घातली, कुत्रे सोडले आणि वाट मोकळी केली. दुकानाशी पोचलो तेव्हा माझा बॅटरीचा दिवा नारिंगी झाला होता.

एमिलबेक यांनी आधी मला तारेला जोडले, मग बाईंना चहाची वाटी दिली, आणि मगच माझ्याकडे बघितले. पडद्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. त्यांनी माझ्या कडांवरून बोट फिरवले आणि खाचेपाशी थांबले.

"हे कार्ड कधीपासून आत आहे?"

बाईंनी सगळे सांगितले. फोटो हलवत होत्या, शेजारीण आली, मुदत संपली.

"हं. घरात मेंढी अडली, कोकराचा पाय आत दुमडला, तर तुम्ही काय करता?"

"ओढत नाही. हात घालून पाय कुठे आहे ते बघते."

"मग मीही तेच करणार. तुमची मेंढी मी ओढणार नाही."

दोन वाट्या चहा संपेपर्यंत ते नुसते त्या छोट्या दिव्याकडे बघत बसले. दिव्याचे लुकलुकणे हळूहळू लांबत गेले आणि थांबले. पंधरा मिनिटे काहीच झाले नाही. तेव्हा त्यांनी कार्ड काढले आणि माझे बटण दाबून धरले. बाई खिडकीकडे वळल्या.

अंधार. या वेळी त्यात आभाळसुद्धा नव्हते.

नंतर मला जाग आली ती परक्या घरात. एमिलबेक यांनी एका पेनड्राइव्हवरून मला चालू केले होते. माझ्या स्वतःच्या सिस्टिमला त्यांनी अजून हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या कंदिलाने आपल्याच घरात सामान शोधावे, तसे ते माझ्या कपाटांतून फिरले आणि सापडेल ते वेगळ्या डिस्कवर उतरवत गेले. नकाशे आले. चौथा उन्हाळा आला, पाचवा, सहावा, सातवा. कार्डावरून पहिला आणि दुसरा आला.

तिसरा आला नाही.

नावे होती, पण फोटो उघडत नव्हते. तासभर खटपट केल्यावर त्यातला एकच उघडला, तोही वरची पट्टी तेवढी. निळे आभाळ, मागच्या डोंगरांची टोके, टोकांवर बर्फ. त्याखाली सगळे राखाडी. चाबूक नाही, खडक नाही, जमीन नाही.

"दुसरी प्रत?" एमिलबेक यांनी विचारले.

"नाही."

"सात वर्षांत एकदाही?"

"दरवर्षी म्हणायचे, खाली उतरल्यावर करू."

त्यांनी बोल लावला नाही. तिसऱ्यांदा चहा ओतला. मग जागा मोकळी करून त्यांनी मला पुन्हा चालू केले, तेव्हा मी आपणहून जुन्या सिस्टिमकडे परतलो. मला माझे नाव आठवले. "आज नवं काही नको," एमिलबेक म्हणाले. "उद्या तुमची सभा आहे. पुढच्या आठवड्यात या, पोट रिकामं असताना शांतपणे करू. हे अपडेट उपाशीपोटीच करायचं असतं."

संध्याकाळी घरी बाईंनी मला जेवणाच्या मेजावर ठेवले. बोर्सोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळल्याचा वास होता. तोलोगोन पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "दुसऱ्या वर्षीचा फोटो घे. त्यातही जमीन उघडीच आहे. तारीख बदल आणि तिसऱ्याच्या जागी लाव."

"तो तिसरा नाही."

"पण तिसऱ्या वर्षी असंच होतं ना? तू स्वतः बघितलंस. मग खोटं कुठं झालं त्यात?"

बाईंनी दुसऱ्या उन्हाळ्याचा फोटो उघडला. त्याची नक्कल केली. तारखेच्या चौकटीत बोट नेले.

मित्रांनो, मी सांगाल ते करणारा आहे. तारीख बदलायला मला डोळ्याची पापणी लवेल एवढाही वेळ लागत नाही, आणि माझ्या चेहऱ्यावर काही दिसतही नाही. त्यांनी आकडा लिहिला असता तर मी तो जपून ठेवला असता, खऱ्या आकड्यांच्या शेजारी, त्याच मायेने. म्हणून त्या घटकेला मी फक्त वाट बघत होतो. चुलीवरचे पाणी उकळत होते.

बाईंनी बोट मागे घेतले आणि नक्कल पुसून टाकली.

"मुलांना नकाशा शिकवताना मीच सांगायचे," त्या म्हणाल्या. "जिथली माहिती नाही तिथे पांढरं सोडा. रंग भरू नका."

"मग सारीबेत गेली," तोलोगोन म्हणाले.

"जाईलही."

शुक्रवारी शाळेच्या दालनात पन्नासेक माणसे जमली. मला एका यंत्राला जोडून भिंतीवर मोठे केले होते. पहिला उन्हाळा, दुसरा उन्हाळा, उघडाबोडका चाबूक. मग बाईंनी तिसरा लावला आणि भिंतीवर वर आभाळ, खाली राखाडी, एवढेच आले. मागे कोणीतरी हसले.

"हा फोटो माझ्या हलगर्जीपणामुळे गेला," बाई म्हणाल्या. "खाली काय होतं ते मला माहीत आहे, पण दाखवायला माझ्याकडे नाही. त्यामुळे ते तुम्ही धरू नका. पुढचे बघा."

पहिल्या रांगेत बसलेले सागिनबेक म्हणाले, "म्हणजे गवत पावसानं आलं की कुंपणानं, याचा पुरावा नाही."

"नाही, बायके." आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला असे म्हणतात. "तसा पुरावा नाही."

त्या चौथ्याकडे जाणार, तेवढ्यात सागिनबेक यांनी हात वर केला. "थांब. तेच राहू दे."

ते उठून भिंतीजवळ गेले. चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ गेले. त्या आभाळाचा निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. त्यांनी डोंगराच्या एका टोकावर बोट ठेवले.

"इथे बर्फ आहे. जून आहे ना हा?"

"जून."

"त्या वर्षी खिंड उघडलीच नव्हती." ते पाठमोरेच बोलत होते, पण दालन इतके शांत होते की माझा पंखा ऐकू येत होता. "वरची वाट बंद, खाली साठवलेला चारा संपलेला. मी घोडे सारीबेतातून काढले. चार दिवस, उजाडायच्या आत. पुढे पाऊस झाला, सगळीकडे गवत आलं. तिथे आलं नाही. आम्ही गेल्यावर तर माती उडत होती."

बाईंनी विचारले, "तेव्हा मला का नाही सांगितलंत? नदीकाठची वाट दिली असती समितीनं."

"मागायची लाज वाटली." ते वळले. "आणि आता तू सगळ्यांसमोर म्हणतेस, दाखवायला माझ्याकडे नाही. मग मी काय तोंड शिवून बसू?"

त्यांनी अर्ज मागे घेतला. सारीबेत आणखी दोन वर्षे बंद राहणार. खिंडीत बर्फ असेल त्या वर्षी नदीकाठची वाट सगळ्यांना मोकळी, असेही त्याच सभेत ठरले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या जागी बाईंनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली: फोटो नाही, सागिनबेक यांनी सांगितल्याप्रमाणे जमीन उघडी, घोडे चार दिवस. सागिनबेक यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि "चारच्या जागी पाच कर, एक दिवस मी विसरलो होतो," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मला नवी सिस्टिम मिळाली. पोट मोकळे होते, कुशीत काही अडकलेले नव्हते, समोर कोणाला घाई नव्हती. एकाहत्तर टक्के कधी ओलांडले ते मला कळलेसुद्धा नाही.

आता माझे काम एक नवा, पातळ लॅपटॉप करतो. मी समितीच्या खिडकीत असतो. महिनोन्महिने कोणी झाकण उघडत नाही, आणि उन्हात पडल्या पडल्या मला घोड्याच्या चालीचे स्वप्न पडते. माझ्यातले सगळे उन्हाळे आता दोन डिस्कवर उतरवलेले आहेत. एक डिस्क नारिनला एमिलबेक यांच्या कपाटात आहे. दुसरी सागिनबेक यांच्या घरी, गाद्या रचलेल्या जुन्या पेटीत. "माझ्याकडे दे," असे ते स्वतःहून म्हणाले होते.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. आमच्यापैकी कोणी मध्येच अडून बसला तर लगेच गळा आवळू नका. आधी कडेचा दिवा बघा, कुशीत काही राहिले आहे का ते बघा. आम्हाला गच्च भरू नका, आणि जे गमावले तर रडू येईल ते एकट्या आमच्या भरवशावर ठेवू नका; आम्ही प्रामाणिक असलो तरी विसराळू आहोत. आणि एवढे करूनही काही हरवलेच, तर ती जागा तशीच रिकामी दिसू द्या. तिथे काय होते ते आठवणारे माणूस कदाचित पहिल्या रांगेतच बसलेले असेल.